सलवार नको, परकर पाठवा

शालोम आई, शालोम पप्पा,

फोनवर आवाज तुटत होता, आईचं फक्त "अगं कपड्यांचं काय ठरलं" एवढंच कळलं, म्हणून बसून लिहितेय. पप्पा, तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, आईच्या डोळ्यांना ताण नको.

तर छकुलीचं जेरुसलेमचं पक्कं झालं. आपला एलुल महिना लागला की सेमिनरी, म्हणजे मुलींचं धर्मशिक्षण, सुरू, ते थेट पुढच्या जूनपर्यंत. तिकिटात दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो, वर एक छोटी केबिन बॅग, आणि त्यात एका अठरा वर्षांच्या मुलीचं ऊन, पाऊस, थंडी, सगळे सण आणि चार डोंगर बसवायचेत. इथे न्यू जर्सीत आमच्या ओळखीतल्या मुली जाऊन आल्यात, त्यांच्या आयांकडून याद्या आल्या. एका यादीत शनिवारच्या शब्बाथचे आठ ड्रेस होते आणि वीकडेचे वेगळे, वर "घरात घालायचे छान रोब, तीन". मी म्हटलं पोरगी तोराचा ग्रंथ शिकायला चाललीय की रुखवत मांडायला!

आता आई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू नवे पंजाबी ड्रेस शिवायचं म्हणतेस, ते नको. सलवार चालत नाही तिथे. मला माहितीय तू काय म्हणणार, सलवारने पाय घोट्यापर्यंत झाकले जातात आणि स्कर्टने अर्धेच, मग लाजरं कुठलं? मला विचारशील तर तुझं बरोबर आहे, पण तिथला हिशोब नुसता झाकण्याचा नाही. पायजमा, पँट हे पुरुषाचं वस्त्र धरतात, तोरातल्या दवारीममध्ये बाईने पुरुषाचे कपडे घालू नयेत म्हटलंय ना, पप्पांना ओळ सापडेल. ठाण्याच्या आपल्या सिनेगॉगमध्ये कोणी पंजाबी ड्रेसवर ओढणी डोक्यावर घेऊन आली तर कोणी वळूनही बघत नाही, तिथे मात्र वर्गात बसू देणार नाहीत. तर स्कर्टच. गुडघ्याच्या चांगला खाली, बाही कोपराच्या खाली, गळा हाडाच्या वर, चीर नाही, पारदर्शक नाही, अंगाला चिकटलेलं नाही. डेनिम हिच्या सेमिनरीत बंद आहे, दुसऱ्या काहींमध्ये चालतं म्हणे. केस मात्र झाकायचे नाहीत, ते लग्नानंतर, त्यामुळे स्कार्फ पाठवू नकोस.

पण कमीज पाठव! लांब कमीज स्कर्टवर इतका छान दिसतो की इथल्या मुली दुकानात तसंच शोधत असतात आणि नाही मिळालं की अर्ध्या बाहीच्या ड्रेसच्या आत शेल घालतात, म्हणजे पाऊणबाहीचं घट्ट बनियनसारखं असतं ते, सप्टेंबरच्या उन्हात दोन थर. कशाला? आपल्या टेलरकडून सुती कमीज शिवून घे, बाही कोपरापासून तीन बोटं खाली, हात वर केला तरी कोपर दिसता कामा नये. गळा पुढे बंद आणि मागेही, हे त्याला दोनदा सांग, तो मागचा गळा खोल घेतोच, बटणं लावून नाड्या सोडतो, तसलं काही नको. आणि आत माया ठेवायला सांग, हॉस्टेलच्या जेवणात पोरगी वाळेल की भरेल काही सांगता येत नाही.

स्कर्ट दोन शिवून घे, काळा आणि नेव्ही, अस्तर लावून. कमरेपासून उंची ३० इंच. हे माप मी उभं राहून घेतलेलं नाही, कारण उभं राहून सगळेच स्कर्ट बरोबर असतात. परवा रात्री तिला एकेक स्कर्ट घालायला लावला, मग म्हटलं खुर्चीवर बस, मग सोफ्यात रुतून बस, मग बसमध्ये चढतेस तसा पाय टाक स्टुलावर. दुकानातून आणलेला चांगला महागाचा स्कर्ट सोफ्यात बसल्यावर गुडघ्याच्या वर सरकला, ती आपली दोन्ही हातांनी खाली ओढतेय आणि हसतेय, तो गेला परत. आणि इथे काही महाग दुकानांमध्ये चीर खालून शिवून घ्यायचे वेगळे पैसे घेतात, आपल्या टेलरला सांगितलं की उभ्या उभ्या करून देईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, परकर. पांढरे दोन, काळे दोन, सुती, नाडीचे नाही, इलॅस्टिकचे. उन्हात स्कर्ट पारदर्शक होतात आणि इथे स्लिप म्हणून जे मिळतं ते नायलॉनचं, घामाने पायाला चिकटतं. तसंच गाऊन, तू घालतेस ते लांब बाहीचे सुती, खिसेवाले. यादीतले ते तीन छान रोब म्हणजे हेच, फक्त दहापट किमतीचे. हॉस्टेलमध्ये रात्री कोणी दार वाजवलं, खाली पाणी आणायला गेलं, तर नाईट ड्रेसवर घालायला पटकन काहीतरी लागतं, गाऊनसारखी सोय नाही. फुलाफुलांचे नकोत म्हणाली, बारीक चौकडी चालेल म्हणाली.

किती कपडे न्यायचे ह्यावर आमचं बरंच चाललं. ती म्हणते दर आठवड्याला मशीन लावता येतं तर कशाला जास्त, मी म्हटलं सुक्कोथ आणि पेसाह ह्या आठवडाभराच्या सणांत मधल्या दिवसांना धुणं नाही ना करायचं, तेव्हा आठ-नऊ दिवस निघतील एवढं हवंच. तेच माप धरलं मग, नऊ दिवसांचं, त्याच्यावर एक नाही. शब्बाथचे तीन, बस. सगळ्या कपड्यांवर आतून नाव, कारण हॉस्टेलमध्ये सगळ्यांचेच स्कर्ट काळे. ड्रायरमध्ये काहीही घालायचं नाही हेही बजावलंय, सुती बाही एकदा आटली की कोपराच्या वर गेली, कपडा बाद.

आणि गंमत अशी की सण सगळे पहिल्याच महिन्यात. गेल्या गेल्या रोश हशाना, पप्पांचा नव्याचा सण, मग दहाव्या दिवशी उपासाचा योम किप्पूर, मग पाच दिवसांनी सुक्कोथ. म्हणजे चांगले कपडे सगळे उन्हाळी लागणार आणि वरच ठेवायचे, स्वेटर तळाला. योम किप्पूरला आपल्याकडे पांढरंच, त्यामुळे आई, तुझी पांढरी साडी तिने मागितलीय, जरीच्या बारीक काठांची. नेसायला नाही, ती कापून लांब बाहीचा ड्रेस शिवायला. मला आधी कसंतरीच झालं, पण कपाटात पडून पिवळी पडण्यापेक्षा बरं, तुला चालणार असेल तरच हं, मनापासून सांग. चामड्याच्या चपला त्या दिवशी नाहीत, त्याला कॅनव्हासचे बूट घेतलेत, तेच एरवीही घालेल.

सुक्कोथच्या सुट्टीत ती अश्दोदला आत्याकडे राहील. तिथे समुद्र आहे, घामाघूम, आपल्यासारखंच, पण जेरुसलेम आठशे मीटरच्या आसपास उंचावर, दिवसा ऊन आणि संध्याकाळी गार वारा, त्यामुळे सप्टेंबरमध्येही एक कार्डिगन हातात लागतं. पप्पा, तुम्ही म्हणालात इस्राएलमध्ये कसली थंडी. जानेवारीत रात्री पाच-सहा डिग्री होतं तिथे, एखाद्या वर्षी बर्फही पडतो, आणि घरं दगडाची, खाली लादी, हीटर हॉस्टेलमध्ये ठरलेले तासच. न्यू जर्सीत बाहेर कितीही गोठलं तरी घरात आम्ही टीशर्टवर असतो, तिथे उलटं, घरातच जास्त थंडी वाजते. म्हणून जाड मोजे, आतून लोकरीच्या सपाता, थर्मल, आणि जाड काळे टाइट्स भरपूर घेतलेत. आईने विणलेला मरून स्वेटर जातोय, तो मी काढला तर तिने परत बॅगेत टाकला.

गोधडी मात्र नको गं. मला माहितीय तू जुन्या पातळांची शिवायला घेतली असशील, पण वजन बघ. पांघरूण तिथेच विकत घेऊ, आत्याची सून म्हणाली तिच्याकडे एक दुलई पडूनच आहे. गोधडी मला पाठव, मी वापरते.

पाऊस नोव्हेंबर ते मार्च, वर्षभराचा मिळून साधारण ५५० मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडे जुलै महिन्यातच त्याहून जास्त कोसळतो. तरी रेनकोट हवा, टोपीवाला, लांब. छत्री शब्बाथला उघडत नाहीत ना तिथे. ठाण्यात पावसाळ्यात छत्रीशिवाय शनिवारी सिनेगॉग गाठायचं म्हणजे पोहत जायचं, आपण उघडायचो, पण तिथे सगळा रस्ता भिजत चाललेला असतो, तिने एकटीने छत्री उघडली तर बरं दिसणार नाही. ओला झाला की दगडी रस्ता घसरडाही होतो, त्यामुळे बुटांचे तळवे मी हात फिरवून बघून घेतलेत.

पप्पा, एक तुमच्यासाठी. ब्लेझरचं कापड तुम्ही घेऊन ठेवलंय म्हणालात, त्यात लोकर आहे की लिनन की दोन्ही ते दुकानदाराला नीट विचारा. दोन्ही एकत्र असेल तर शातनेझ, घालता येणार नाही, आणि टेलर कॉलरच्या आत जो कडक कॅनव्हास घालतो त्यातही कधी कधी लिनन असतं. खात्री नसेल तर नुसतं कापड पाठवा, मी इथे तपासून घेऊन शिवते.

सहली पण आहेत, मसादाच्या किल्ल्यावर पहाटे अंधारात चढतात, खालून चारशे मीटर चढ आहे, आणि वाळवंटात नहलमधून, म्हणजे ओढ्याच्या पाण्यातून, चालत जातात, तेही स्कर्टमध्येच! त्याला घेरदार, पटकन वाळणारा स्कर्ट लागतो, आत लेगिंग. तो इथून घेतला, त्याला तुमचा टेलर नको. हेअर स्ट्रेटनर मात्र तुमच्याकडूनच हवा, इथला ११० व्होल्टचा तिथे जळून जाईल, आपली आणि इस्राएलची वीज सारखीच, २३० ची. फक्त दोन बारीक पिनांचा बघा, तीन जाड गोल पिनांचा तिथल्या भिंतीत जात नाही.

पप्पा, तुम्ही शेवटी हळूच विचारलंत की तिला तिथे कोणी वेगळं पाडणार नाही ना. तुमच्या मनात आत्याचं आहे, मला कळलं. तिथले रब्बी, म्हणजे धर्मगुरू, आपल्या लग्नांना आजी-पणजीचे पुरावे मागत होते तेव्हा आत्या नवी नवी गेलेली, पातळ नेसून जेरुसलेममध्ये सगळ्यांबरोबर धरणं धरून बसलेली, आणि मग १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने, तिथल्या संसदेने, सांगितलं की आपण कोकणातले बेने इस्राएल सगळ्या बाबतीत ज्यू आहोत. ते दिवस गेले. पण हिच्या वर्गात ब्रुकलिनच्या, लंडनच्या, अँटवर्पच्या मुली असणार, एखादी विचारेल तुम्ही कधी कन्व्हर्ट झालात, इथे शाळेतही विचारायच्या. मला वाटत होतं निदान कपडे तरी सगळ्या मुलींसारखे, त्याच दुकानातले असावेत. ती म्हणाली, मम्मी, नावापुढे कर ऐकलं की विचारणारच, स्कर्ट कुठलाही असो, आणि विचारलं की मी त्यांना पूर्वजांचं जहाज फुटलं त्या नवगावपासून सांगायला लागते, मग त्याच कंटाळतात. मी काय बोलणार? तेव्हापासून दुकानं बंद केलीत आणि तुमच्याकडे यादी पाठवतेय.

तर कमीज चार, स्कर्ट दोन, परकर चार, गाऊन दोन, आणि आई हो म्हणाली तर साडीचा ड्रेस. मापाचा जुना ड्रेस मामेभावाबरोबर येतोय, तो पुढच्या आठवड्यात ठाण्याला पोचेल आणि महिनाअखेरीला परत निघेल, त्याच्या आत टेलरकडून घ्यायला हवं. गणपतीच्या आधी तो कोणाचंच वेळेवर देत नाही, तेव्हा पप्पा, तुम्ही संध्याकाळी फिरायला जाता तेव्हा रोज त्याच्या दुकानावरून जा, काही बोलू नका, नुसते उभे राहा. शिलाईचे पैसे मी पाठवलेत, परत पाठवायचे नाहीत, ह्यावेळी खरंच.

आईला गुडघ्याच्या गोळ्या वेळेवर द्या. शुक्रवारी तुमच्या दुपारी, आमची सकाळ असताना फोन करते, छकुलीला पण बसवते.

तुमची,
बेबी

ता. क. परकराचं इलॅस्टिक रुंद घ्यायला सांग आई, बारीक वळतं.