तळटीप कोण तपासणार?

महोदय,

ऑस्ट्रेलिया सरकारसाठी सुमारे 4 लाख 40 हजार ऑस्ट्रेलियन डॉलर घेऊन केलेल्या अहवालात अस्तित्वातच नसलेले शोधनिबंध आणि न्यायालयीन निकालातील बनावट अवतरण आढळल्याने डेलॉइट या लेखापरीक्षण व सल्लागार संस्थेच्या तेथील कंपनीला 2025 मध्ये शुल्काचा काही भाग परत करावा लागला. त्या अहवालाच्या कामात जनरेटिव्ह एआय (मजकूर तयार करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता) वापरले होते. ते संभाव्य शब्द जुळवत जाते. संदर्भ खरा असो वा खोटा, भाषा सारखीच ठाम असते. लेखापरीक्षणात मीही ते वापरतो. मसुदा दहा मिनिटांत होतो, पण त्यातील प्रत्येक कलम मूळ कायद्याशी ताडून पाहण्यात अख्खी दुपार जाते. व्यवस्थापन मात्र दहा मिनिटेच मोजते (आणि माणसेही त्याच हिशेबाने कमी करते). कंपनीप्रमुखांनी ही दुपार वेळापत्रकात धरावी आणि अहवालावर सही कोणाची, हे आधीच ठरवावे.

— एक वाचक, पुणे