फर्माची संख्या आणि पेन्सिल

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतील चौकटीत ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या ‘मूळ वाटते, पण तशी नाही, संगणकाशिवाय हे कळणे अशक्य’ अशा शब्दांत छापली आहे. तिचे अवयव मात्र दिलेले नाहीत. ही संख्या ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७३२ मध्येच फोडली होती. तेव्हा कुठला आला संगणक?

२ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ही संख्या येते. २ चे घात दर वेळी दुप्पट करत, म्हणजे १, २, ४, ८, १६ घेऊन, १ मिळवला की येणाऱ्या ३, ५, १७, २५७, ६५५३७ या तिच्या आधीच्या बहिणी सगळ्या मूळ. त्यावरून हीसुद्धा आणि पुढच्याही मूळच असणार, असे फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० च्या सुमारास धरून टाकले.

माझी सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. अवयव न देता निकाल दिला की मला चैन पडत नाही, म्हणून दुपारी पेन्सिल घेऊन बसलो. सरळ मार्गाने गेलो असतो तर ६५५३६ पर्यंतच्या साडेसहा हजारांहून अधिक मूळ संख्यांनी भागत बसावे लागले असते. पण या संख्येच्या कुठल्याही मूळ अवयवाला ६४ ने भागले तर बाकी १ च उरते. (हा नियम फर्माच्याच एका प्रमेयातून निघतो. त्याने तो इथे लावून पाहिला नाही, याचे मला अजून नवल वाटते.) मग उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या खेपेला काम फत्ते.

दहा अंकी भागाकारही करावा लागत नाही. आपली संख्या म्हणजे ६५५३६ चा वर्ग अधिक १. ६५५३६ ला ६४१ ने भागले की बाकी १५४. तिचा वर्ग २३७१६, एक मिळवून २३७१७, आणि ते बरोबर ६४१ च्या ३७ पट. मी पहिल्यांदा वर्ग २३७२६ लिहिला, बाकी १० आली, आणि ऑयलरच चुकला की काय असे घटकाभर वाटून गेले!

दुसरा अवयव ६७००४१७. तो मूळ आहे हे ठरवायला त्याच नियमाने आणखी सातच भागाकार लागतात.

तेव्हा पुढच्या वेळी बारीक टायपात का होईना, ‘६४१ × ६७००४१७’ एवढे छापावे. ज्याला पडताळायचे तो पडताळेल.

यापुढची संख्या, २ चा ६४ वा घात अधिक १, हीदेखील एकोणिसाव्या शतकातच हाताने फोडली गेली. तिथे २५६ च्या पटींत एक मिळवत जायचे. १०७१ व्या पायरीवर २७४१७७ हा अवयव भेटतो. उत्तर ठाऊक असूनही मी पहिल्या पायरीपासून निघालो आहे. सध्या चाळिसावी चालू आहे.

आपला,
एक निवृत्त हिशेबतपासनीस