कान गेला तर भरपाई, मन गेलं तर रजेचा अर्ज: केंद्रीय कामगारमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

21 नोव्हेंबर 2025 रोजी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. इंग्रजांच्या काळातले कायदे गेले, कामगारांसाठी नवं युग आलं, असं सांगण्यात आलं. अभिनंदन. म्हणून आम्ही अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवेतली माणसं संहितेची तिसरी अनुसूची उघडून बसलो. व्यवसायजन्य आजारांची ही यादी. शिसं आहे, पारा आहे, आर्सेनिक आहे, आवाजामुळे येणारा बहिरेपणाही आहे. पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर ताणविकार, नाही. सायरननं कान गेला तर भरपाई. त्याच गाडीत मागे जे पाहिलं त्यानं झोप गेली, तर तो ज्याचा त्याचा घरगुती प्रश्न!

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं हा विकार 2010 साली आपल्या यादीत घेतला. आपण 1923 ची यादी नव्या कागदावर उतरवून घेतली.

यादीबाहेर राहण्याची किंमत आपल्या अधिकाऱ्यांना पक्की ठाऊक आहे. यादीतला आजार झाला की तो कामामुळेच झाला असं कायदा धरून चालतो. नाही म्हणायचं तर मालकानं सिद्ध करायचं. यादीबाहेरच्या आजारात मात्र कामगारानं दाखवायचं, की हे एका विशिष्ट अपघाती इजेमुळेच थेट झालं. कोणत्या? अपघात अहवालात तारीख, वेळ, ठिकाण लागतं. जळालेलं मूल, रुळांवरून गोळा केलेले अवयव, नियंत्रण कक्षात फोनवर हळूहळू बंद पडत गेलेला आवाज. यातल्या कितव्या वर्दीला, म्हणजे मदतीसाठी आलेल्या कितव्या बोलावण्याला माणूस मोडला, ते कोणत्या रकान्यात लिहायचं? मानसिक आजारांच्या डीएसएम-5 या निदानपुस्तिकेनं 2013 मध्येच मृतांचे अवशेष उचलणाऱ्या बचाव कर्मचाऱ्यांचं उदाहरण देऊन मान्य केलं, की अशा गोष्टींना वारंवार सामोरं जाणं हेच कारण पुरेसं आहे. लक्षणांचं पूर्ण चित्र सहा महिन्यांनंतरही उमटू शकतं, हेही तिथेच आहे. म्हणून दाव्याची मुदत घटनेपासून नको, निदानापासून मोजा.

पैशांचा हिशेबही मांडतो. ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत हा साधा आजार ठरला तर वर्षाला 91 दिवस, वेतनाच्या 70 टक्के. कामावरची इजा ठरली तर 90 टक्के, आणि तात्पुरतं अपंगत्व असेतोवर. बरं व्हायला 91 दिवसांहून जास्त लागले तर काय करायचं, देवदूत म्हणून लावलेल्या फ्लेक्सवर जेवायचं?

यादीत नुसतं पीटीएसडीचं नाव घालूनही भागणार नाही. अनुसूचीच्या भाग 'ब'मध्ये घातलंत तर एकाच मालकाकडे सलग सहा महिने नोकरीची अट लागते. ठेकेदार बदलला की मोजणी पुन्हा शून्यापासून. गाडी तीच, माणूस तोच, रस्ता तोच. शिवाय जुना ठेकेदार जाताना नोंदीही घेऊन जातो, म्हणजे पुरावाही गेला. म्हणून ही अट नसलेला भाग 'अ'च हवा. वर्दीची नोंदवही आणि रुग्णवाहिकेच्या फेऱ्यांच्या नोंदी मूळ सेवेकडे राहाव्यात आणि त्याच पुरावा म्हणून चालाव्यात. नियंत्रण कक्षातले फोन घेणारे आणि शवागारातले कामगार यांना वगळू नका. निदानाचा कागद वरिष्ठांच्या टेबलावर जाता कामा नये, नाहीतर भीतीपोटी कुणी तपासायलाच जाणार नाही.

खात्याचं उत्तर आम्हाला आधीच माहीत आहे: आकडेवारी नाही. यादीत नाही म्हणून दावा नाही, दावा नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून आजारच नाही. असा कारभार चालवायला मंत्रालय कशाला हवं? 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं विमा कंपन्यांना बजावलं, की मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच वागवा. कंपन्यांना शिस्त, सरकारला सवलत. कामं ठेक्यानं, जबाबदारी ठेक्यानं, आणि श्रद्धांजली तेवढी शासकीय इतमामात.

ज्या 1923 च्या कायद्याला आपण मोडीत काढलंत, त्यातसुद्धा तीन महिन्यांची पूर्वसूचना देऊन राजपत्रातल्या अधिसूचनेनं यादी वाढवता येत होती. आपल्या मसुद्याची वाट पाहतो. हरकती-सूचना आम्ही वेळेत पाठवू.

आपले,
अग्निशमन व रुग्णवाहिका सेवेतील कर्मचारी