जिंजीला एक अख्खी सकाळ द्या

महोदय,

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा, जिंजी, तमिळनाडूच्या विळुप्पुरम जिल्ह्यात. तरीही आपल्याकडच्या ‘दक्षिण भारत’ सहली तिरुपती, मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी असा ठरलेला रस्ता सोडत नाहीत. जिंजी घेतलाच तर तिरुवण्णामलैला जाता जाता, तासाभरासाठी, तोही भर दुपारी. त्या तासाभरात पायथ्याचा कल्याण महाल तेवढा होतो. ज्यासाठी जायचे तो राजगिरीचा माथा राहूनच जातो.

राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी या तीन टेकड्यांना तटबंदीने एकत्र बांधले म्हणजे जिंजी. राजगिरी पायथ्यापासून सुमारे ८०० फूट उंच आहे. पायऱ्या आहेत, पण एकसारख्या नाहीत. कुठे वीतभर, तर कुठे गुडघ्याएवढ्या. सवय नसलेल्याला वर जायला दीड तास सहज लागतो. माथ्याच्या अलीकडे कातळात सुमारे २४ फूट रुंद आणि ६० फूट खोल भेग आहे, तिच्यावर पूल आहे. पूर्वी तो लाकडी होता. तो काढून घेतला की माथा खालच्या किल्ल्यापासून तुटायचा, मग मोजकी माणसेही तो राखू शकत. पुलावर उभे राहून खाली पाहिले की मोगलांचा वेढा इतकी वर्षे का रेंगाळला याचे निम्मे उत्तर मिळते. उरलेले निम्मे संताजी-धनाजींच्या फौजांकडे जाते. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये घेतलेला हा किल्ला मोगल सेनापती झुल्फिकारखानाच्या हाती पडला तो १६९८ मध्ये, आणि राजाराम महाराज त्याआधीच तिथून निसटले होते. महाराष्ट्रातले गड एकामागून एक जात असताना स्वराज्याची राजधानी इथे होती. तिथे मराठी माणसाने घाईने जाऊ नये, असे मनापासून वाटते.

गडबड होते ती वेळेची. दहा-अकरानंतर कातळ तापतो, चढावर सावली तुरळक आहे आणि वर प्यायच्या पाण्याची खात्री धरू नये. माणशी दोन लिटर पाणी खालूनच घ्यावे. उशिरा पोहोचणाऱ्यांना राजगिरीवर सोडत नाहीत, म्हणून दार उघडताच चढायला लागावे. माकडे फार आहेत. हातातली प्लास्टिकची पिशवी गेलीच म्हणून समजा. खाणे पाठीवरच्या बंद सॅकमध्ये ठेवावे. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी पायथ्याचा कल्याण महाल, घोड्यांच्या पागा, धान्याची कोठारे आणि वेंकटरमण मंदिर निवांत पाहावे. रस्त्यापलीकडची कृष्णगिरी राजगिरीपेक्षा बुटकी आहे, दम उरला तर तीही करावी.

मुक्काम तिरुवण्णामलैला सोयीचा. तिथून किल्ला चाळीस किलोमीटरच्या आत आहे आणि तिंडिवनमकडे जाणाऱ्या बस त्याच रस्त्याने जातात. गावाचे नाव तिकडे ‘सेंजी’ असे उच्चारतात. कंडक्टरला तसेच सांगावे आणि गावात न जाता किल्ल्यापाशी उतरवायची विनंती करावी. फक्त पौर्णिमा टाळा. त्या दिवशी तिरुवण्णामलैच्या अरुणाचल डोंगराच्या गिरिप्रदक्षिणेला एवढी गर्दी लोटते की खोली मिळत नाही. कार्तिक दीपम उत्सवातही तेच.

दिवाळीच्या सुटीत निघणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्याकडचा पाऊस संपतो तेव्हा तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो, आणि तो ऑक्टोबर ते डिसेंबर चालतो. ओल्या ग्रॅनाइटवरून उतरणे धोक्याचे. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम, पोंगलचे चार दिवस वगळून.

तिकडची बहुतेक मोठी देवळे दुपारी साधारण बारा ते चार बंद असतात. म्हणून सकाळी किल्ला, दुपारी जेवण किंवा प्रवास आणि संध्याकाळी देऊळ, असाच क्रम ठेवावा. पुढे तंजावरला राजराज चोळाचे बृहदीश्वर मंदिर पाहताना विमानापाशी, म्हणजे गाभाऱ्यावरच्या उंच शिखरापाशी, फोटो काढून परतू नका. मंदिराच्या नैर्ऋत्य कोपऱ्याकडे तटाच्या भिंतीवर १८०३ मध्ये तंजावरचे मराठे राजे सरफोजी यांनी कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे, मराठीत आणि देवनागरीत. अक्षरे आपण वाचू शकतो, पण गट तिथवर पोहोचतच नाही. विमानाची सावली जमिनीवर पडत नाही ही गोष्ट मात्र हमखास ऐकवली जाते. ती खोटी आहे, सकाळी किंवा संध्याकाळी अंगणात कुणीही पाहून घ्यावे.

सहल आयोजकांना विनंती, की कार्यक्रमपत्रिकेत जिंजीसमोर निदान चार तास लिहावेत आणि आदली रात्र तिरुवण्णामलैला ठेवावी. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने राजगिरीच्या पायथ्याशी आणि तंजावरच्या त्या भिंतीपाशी तमिळ-इंग्रजीबरोबर मराठीतही फलक लावावा. महाराष्ट्राच्या पुरातत्त्व खात्याने त्याचा मजकूर तयार करून द्यावा.

– एक दुर्गप्रेमी वाचक