धिंगरीचे वाण विदर्भाच्या उन्हाळ्यासाठी निवडावे

महोदय,

विदर्भात सोयाबीनचे कुटार आणि धानाचे तणस मुबलक असून त्यावर धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) चांगली येते. मात्र तिला साधारण २० ते ३० अंश तापमान मानवते, आणि नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत चढतो. त्यामुळे उन्हाळ्यात अनेक लहान उत्पादकांच्या खोल्या रिकाम्या राहतात. उष्णता सोसणारे वाण लवकर हवे असेल, तर जनुकीय मार्करच्या आधारे निवड करण्याचे काम नागपुरातच सुरू व्हावे, अशी माझी विनंती आहे.

धिंगरीच्या एकाच बीजाणूपासून, म्हणजे बीसारख्या सूक्ष्म कणापासून, वाढलेल्या तंतूंना सहसा छत्री येत नाही. दोन जुळणारे तंतू एकत्र यावे लागतात; हाच संकर. त्यामुळे कोणता संकर चांगला, हे कुटार-तणसाचे बेड भरून तोडणी केल्यावरच कळते, आणि शेकडो संकर असे तपासण्याइतकी जागा सहसा मिळत नाही. हव्या गुणाच्या जनुकालगतचा डीएनएचा ओळखीचा तुकडा, म्हणजेच मार्कर, सापडला, तर प्रयोगशाळेतल्या बशीतील तंतूंवरूनच नको असलेले संकर बाजूला काढता येतात.

मला याहून निकडीचा वाटतो तो बीजाणू न सोडणाऱ्या वाणाचा प्रश्न. पक्व धिंगरी प्रचंड बीजाणू उधळते, आणि बंद खोलीत रोज तोडणी करणाऱ्यांना, ज्यांत बचत गटांतील महिला पुष्कळ आहेत, त्यामुळे खोकला, ताप आणि धाप लागण्याचा त्रास होऊ शकतो. जपानमधील संशोधकांनी धिंगरीच्याच एका प्रजातीत बीजाणू न बनण्यामागचे जनुक शोधले आहे. हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे दोन्ही जोडीदारांकडून आला तरच बीजाणू थांबतात. एकाच बाजूने आलेला गुण डोळ्यांना दिसत नाही, पण मार्करने ओळखता येतो.

बीटी कापसाच्या या प्रदेशात गैरसमज होऊ नये म्हणून स्पष्ट करतो की, या पद्धतीत बाहेरचे जनुक घातले जात नाही. संकर नेहमीसारखाच होतो, फक्त निवड डीएनए पाहून होते. अर्थात उत्पादनासारखा गुण अनेक जनुकांवर अवलंबून असल्याने बेडवरची चाचणी टळत नाही.

नागपुरात १९०६ पासूनचे कृषी महाविद्यालय आहे. केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्थाही येथेच आहे. हिमाचल प्रदेशातील सोलन येथील अळिंबी संशोधन संचालनालयाच्या संग्रहातील वाण घेऊन या संस्थांनी एकत्र काम करावे, आणि त्याच्या चाचण्या वातानुकूलित खोलीत न घेता एप्रिल-मेमध्ये उत्पादकांच्याच शेडमध्ये घ्याव्यात. तोवर निदान स्पॉनच्या (अळिंबीच्या बियाण्याच्या) प्रत्येक पिशवीवर वाणाचे नाव आणि तयार केल्याची तारीख छापणे बंधनकारक करावे.

– एक धिंगरी उत्पादक, नागपूर