फण्या हव्यात, आणि तुमचे दोन-दोन तास

सप्रेम नमस्कार.

या विषयावर आवाहन काढायचं ठरलं तेव्हा मंडळाच्या बैठकीत आधी हशा पिकला, मग दोघी-तिघींनी नकळत डोकं खाजवलं. विषय उवांचा आहे.

इंदूरमधल्या रामबागेच्या आसपासच्या दोन शाळांत आम्ही मुलींना शिवण शिकवायला जातो. शाळांची नावं मुद्दाम देत नाही, मुलींना उगाच चिडवतील. श्रावणात एका वर्गात चौघी जणी शेवटच्या बाकावर वेगळ्या बसवलेल्या दिसल्या. का, म्हणून विचारलं तर वर्गाच्या बाई हळूच म्हणाल्या, "जूं हैं।" त्यातल्या एकीच्या डोक्याचा आईनं पुढच्या आठवड्यात तुळतुळीत गोटा केला. ती मुलगी अजून शाळेत आलेली नाही. उवा गेल्या असतील तिच्या, पण महिन्याचा अभ्यासही गेला.

इंदूरचा स्वच्छतेत २०१७पासून सलग कितीतरी वर्षं पहिला नंबर आला, त्यामुळे उवा म्हणजे गलिच्छपणा असं आपल्याला चटकन वाटतं. पण केस आज धुतलेत की आठवड्यापूर्वी, याच्याशी उवेला काही देणंघेणं नसतं. तिला टाळूतलं रक्त हवं असतं. ती उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की एका केसावरून दुसऱ्या केसावर चालत जाते. एका पुस्तकावर तिघी वाकतात तिथं हे होणारच, आणि आता पितृपक्षात मुली घोळक्यानं भिंतीवर संजा (शेणाची चित्रं) मांडतात तेव्हा तर विचारूच नका. डोक्यातल्या उवांमुळे कुठला रोग पसरत नाही. खाजवून जखम झाली तर ती चिघळते, एवढं खरं. पहिल्यांदाच उवा झाल्या असतील तर खाज सुटायलासुद्धा चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे आज ज्या मुलीला तुम्ही मागे बसवलं, ती महिनाभर सगळ्यांच्या मध्येच बसलेली होती! मग मागे बसवून काय साधलं?

घरोघरचे उपाय आम्हाला ठाऊक आहेत. रॉकेल चोळू नका, हे हात जोडून सांगतो. चूल-गॅसजवळ त्या डोक्यानं वावरायचं असतं. सीताफळाच्या बियांची पूडही नको. आपल्या आज्या ती लावत, पण डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. औषधाच्या दुकानातलं लोशन काहींना लागू पडतं, पण बऱ्याच ठिकाणच्या उवा त्याला सरावल्या आहेत, शिवाय लिखा त्यातून वाचतात, म्हणून नऊ-दहा दिवसांनी पुन्हा लावावं लागतं. ते डॉक्टरांना विचारून घरच्यांनी ठरवावं. शाळेत आम्ही कोणाच्या डोक्याला औषध लावणार नाही.

आम्ही फक्त फणी फिरवणार आहोत. ऊ असते तिळाएवढी. मादी दिवसाला सहा ते आठ लिखा घालते आणि त्या टाळूला लागूनच केसाला घट्ट चिकटवते, बहुतेक कानामागे आणि मानेवर. लीख फुटायला ७ ते १० दिवस, आणि पिल्लाला मोठं होऊन लिखा घालायला आणखी साधारण तेवढेच. म्हणून ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावून पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी मुळापासून टोकापर्यंत फणी फिरवली, तर फुटलेलं प्रत्येक पिल्लू लीख घालायच्या आत हाती लागतं. एक दिवस चुकला की सगळं मुसळ केरात. (केसांच्या टोकाकडे पांढऱ्या दिसतात त्या बहुधा रिकाम्या लिखा असतात. त्या पाहून घाबरू नये.)

अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथांची मिरवणूक) झाल्या की पुढच्या शनिवारी सुरुवात. मग बुधवार. नववा दिवस रविवारी येतो, तो मुलीच्या आईकडे. शेवटचा गुरुवार. वर्गातल्या सगळ्या मुलींचे केस विंचरायचे, निवडक चौघींचे नाही, आणि घरी धाकटी भावंडं नि आई यांचेही. एक डोकं राहिलं तरी पंधरा दिवसांत सगळा वर्ग पुन्हा खाजवायला लागतो.

यासाठी पहिली गरज स्टीलच्या, लांब आणि अगदी बारीक दातांच्या फण्यांची. प्लास्टिकचे दात वाकतात आणि पिल्लं निसटतात. दर घरी एक फणी राहिली पाहिजे, म्हणजे रविवार चुकणार नाही. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत चौघांनी पोहे-जिलबी खाल्ली की जेवढे पैसे जातात, तेवढ्यात एका घराचं काम व्हावं. कंडिशनर कुठलंही साधं चालेल, सुवासिक महागडं नको. पैसे देणाऱ्यांना पावती मिळेल आणि खरेदीची बिलं कार्यालयात लावलेली असतील.

त्याहून अवघड मागणी हातांची आहे. लांब, दाट केसांच्या एका डोक्याला अर्धा तास सहज लागतो. शनिवार, बुधवार, गुरुवार, तिन्ही दिवस दोन-दोन तास देऊ शकतील अशा बायका हव्यात. एकच दिवस जमत असेल तर तसं आधी सांगा. ज्यांनी लेकी-नातींची डोकी मांडीवर घेऊन विंचरली आहेत त्यांना शिकवायला काही नाही. अट एकच: फणीला काही लागलं तर तोंडातून "ई" निघता कामा नये. त्वचारोगाचे डॉक्टर किंवा फार्मासिस्ट एखादा शनिवार आले, तर आयांच्या प्रश्नांना नीट उत्तरं मिळतील.

आणि घरात जुनी पांढरी धोतरं किंवा पंचे असतील तर फेकू नका. विंचरताना खांद्यावर पांढरं फडकं असलं की पडलेली ऊ लगेच दिसते. धुऊन, हातभर तुकडे करून मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी ५ ते ७ आणून द्या.

आपल्या,
मंडळाच्या कार्यकर्त्या, इंदूर