गोळीच्या आधी नमुना द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऊन तापू लागलं की लघवीच्या तक्रारी वाढतात आणि आमच्या लॅबच्या खिडकीपाशी रोज तेच बोलणं होतं. 'गोळी काही घेतली का?' 'हो, मेडिकलमधून आणली होती, दोन दिवस घेतली.' 'कुठली?' 'पांढरी, लांबट.' पाकीट मागावं तर कात्रीने कापलेला दोन गोळ्यांचा तुकडा पुढे येतो. नाव आणि मुदत राहिली दुकानातल्या अर्ध्या पट्टीवर! अशा नमुन्याचं कल्चर लावलं, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहिले, तर पुष्कळदा काहीच उगवत नाही, कारण दोन गोळ्यांनी जंतू दबलेले असतात. रिपोर्टवर 'वाढ नाही' वाचून बाई निर्धास्त होते. काही दिवसांनी पुन्हा जळजळ, थेंब थेंब, ओटीपोटात कळ. आता कुठलं औषध लागू पडेल हे डॉक्टरांनी ठरवायचं कशावरून?

उन्हाळी लागली म्हणून धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, ताक. त्याने भागलं नाही की मेडिकल, ही आपली वहिवाट. पाणी प्यायला कुणाचीच हरकत नाही. पण लागू पडणारं प्रतिजैविक (अँटिबायोटिक) सुरू झालं की एक-दोन दिवसांतच आग कमी होते, आणि घोळ तिथेच होतो. बरं वाटलं म्हणजे जंतू गेले असं नव्हे. उलट ४८ तासांनंतरही फरक नसेल, किंवा थंडी वाजून ताप आणि पाठीत-कुशीत दुखणं सुरू झालं, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचल्याची शंका घेऊन लगेच दवाखाना गाठायला हवा.

शिवाय कोर्स आता लांबलचक राहिलेला नाही. साध्या मूत्राशयाच्या संसर्गाला नायट्रोफ्युरंटॉइन पाच दिवस, फॉस्फोमायसिनची तर ३ ग्रॅमची एकच मात्रा. डॉक्टरांनी पाच दिवस सांगितले असतील तर पाच. दोनही नकोत आणि हौसेने दहाही नकोत. नायट्रोफ्युरंटॉइनने लघवी गडद पिवळी, तपकिरी होते. त्याला घाबरून गोळी बंद करणाऱ्याही भेटतात. त्यासोबत काउंटरवरून मिळणारं लघवी अल्कली करणारं सिरप मात्र स्वतःहून घेऊ नये, कारण हे औषध आम्लधर्मी लघवीतच नीट काम करतं.

या संसर्गात बहुतेकदा ई. कोलाय हाच जंतू सापडतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीतल्या रुग्णालयांत त्याच्यावर सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक बहुतेक वेळा चालत नाही. मेडिकलवाला सवयीने काढून देतो ती गोळी नेमकी याच घराण्यातली. पाकिटावरची तांबडी उभी रेघ चिठ्ठीशिवाय औषध देऊ नका असं सांगते. सेफिक्झिमसारखी औषधं मार्च २०१४ पासून औषध नियमांच्या 'एच-१' परिशिष्टात आहेत. ती देताना दुकानदाराने रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपायची असते. कापून दिलेल्या दोन गोळ्यांची नोंद कुठल्या वहीत होते, हे अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकांनी एकदा पाहावं.

प्रत्येकीला कल्चर लागतंच असं नाही. तरुण, निरोगी बाईच्या पहिल्याच तक्रारीला डॉक्टर तपासून औषध देतात, ते ठीकच आहे. पण वारंवार त्रास होणाऱ्या, गरोदर, मधुमेही, ताप असलेल्या आणि पुरुष रुग्णांनी पहिली गोळी तोंडात टाकण्याआधी नमुना द्यावा. सुरुवातीची धार सोडून मधली लघवी, लॅबने दिलेल्या निर्जंतुक डबीतच. घरची धुतलेली बाटली चालत नाही, आणि सकाळी भरून दुपारपर्यंत पिशवीत राहिलेला नमुनाही नाही. लगेच पोचवणं जमत नसेल तर डबी फ्रीजमध्ये ठेवावी. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. तोवर औषध थांबवून ठेवायचं कारण नाही. नमुना देऊन त्याच तासाला गोळी सुरू करता येते.

शेतात, दुकानात काम करणाऱ्या बायकांची खरी अडचण वेळेची. बऱ्याच सरकारी दवाखान्यांत नमुने सकाळीच घेतात. रोज बुडवून कोण येणार? ग्रामीण रुग्णालयांत संध्याकाळी निदान दोन तास नमुने घ्यावेत आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळच्या गाडीने जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवावेत, ही आरोग्य विभागाला विनंती.

– एक लॅब टेक्निशियन, सांगली